यादीत नसलेला फ्रीजर

एप्रिल अर्धा सरला की माझी मान दुखायला लागते. सारखं वर बघून. सकाळी छतावर जाते तेव्हा आभाळ अगदी लख्ख असतं, पेठ रस्त्यापलीकडचे डोंगर उन्हात पांढुरके पडलेले असतात, आणि तरी मी पश्चिमेच्या कोपऱ्यात कुठे ढगाचा कापूस दिसतो का ते शोधत राहते. आमच्या कुंपणाला लागून ज्यांची द्राक्षबाग आहे, ते सुद्धा या दिवसांत निवांत असतात. माल उतरलेला असतो, खरड छाटणी झालेली असते, वेली नुसत्या काड्या होऊन उभ्या असतात. त्यांना गारांची भीती उरलेली नसते. मला असते.

काल दुपारी वारा एकदम पडला. परीक्षा हॉलबाहेरच्या गुलमोहराचं पानही हलेना. मग दक्षिणेकडून मातीचा वास आला, कुठेतरी लांब पडून गेलेल्या पावसाचा, आणि मी हातातलं काम टाकून चालायला लागले. कुठे चालले आहे हे मला जिना चढेपर्यंत कळलं नव्हतं. जीवशास्त्राच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन मी फ्रीजरच्या दारावर तळहात ठेवला. आतून घरघर येत होती. बाहेर बाकावर बसून वही चाळणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही गं. तू वाच."

विद्यापीठाच्या नाशिकच्या आवारात मी विजेची अभियंता आहे. दिवे, पंखे, पंप, तारा, बिघाड झाला की फोन माझ्याकडे. कौतुक कुणी करत नाही, कारण वीज आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. काही वर्षांपूर्वी मात्र आमच्या विभागाला अचानक भाव आला होता. विद्यापीठानं ठरवलं होतं की आपली सगळी आवारं सूर्याच्या विजेवर चालवायची. वसतिगृहांच्या आंघोळीचं पाणी, मेसच्या शेगड्या, प्रयोगशाळा, सगळं. आणि पहिलं आवार आमचं.

मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं ते नाइलाजानं काम करणाऱ्या माणसाच्या हातून घडलेलं नाही. आमच्याकडे दोन डिझेल जनरेटर होते. वीज गेली की त्यांच्या खोलीतून आधी एक खोकला यायचा, मग काळा धूर, मग असा आवाज की पलीकडच्या वर्गात शिक्षक फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहायचे. ती मशीनं चालवणारे बोडके काका घोटीकडच्या भातशेतीच्या गावातले. अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत बसून त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवा निम्मा. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला उभं राहून ओरडावं लागे. त्यांच्या शर्टाला, डब्याला, डब्यातल्या भाकरीलाही डिझेलचा वास असायचा. ती खोली बंद व्हावी असं मला वाटायचं, त्यात हवामानाचा विचार होताच, पण काकांच्या कानाचाही होता.

छतांवर निळ्या-काळ्या काचा चढल्या. तळमजल्यावर एका खोलीत कपाटांसारख्या बॅटऱ्या रांगेनं उभ्या राहिल्या. ढगाळ दिवसाला आणि वीज गेल्यावर या बॅटऱ्यांनी आवार सांभाळायचं होतं. पण सगळं आवार त्यांना पेलणार नव्हतं, म्हणून एक यादी करायची होती: वीज गेली तरी काय चालू राहिलंच पाहिजे.

ती यादी मी केली.

सगळ्या विभागांना पत्रं पाठवली, जानेवारीअखेरची मुदत दिली. परीक्षा हॉल, संगणक कक्ष, पाण्याचा पंप, दवाखाना, जिन्यातले दिवे. जीवशास्त्राचं पत्र परत आलंच नाही. विभागप्रमुख रजेवर होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बारीक, सावळी, खांद्याला कापडी पिशवी. हातानं लिहिलेला अर्ज. सुगंधा गावित, संशोधक विद्यार्थिनी, सुरगाण्याकडची.

"मॅडम, आमचा डीप फ्रीजर यादीत घ्याल का?"

मी विचारलं, काय आहे त्यात?

"माती."

मी हसले असणार. कारण ती घाईनं सांगायला लागली. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, मुळांशी जे सूक्ष्म जीव राहतात, ते तिनं चार वर्षं गावोगाव फिरून गोळा केले होते. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारावरची शेतं, जिथं अजून जुनं बियाणं पेरतात. त्या मातीतून वेगळे केलेले जीव छोट्या नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशाला झोपवलेले होते. साडेचारशेच्या वर नळ्या. "त्यातली काही शेतं आता नाहीत, मॅडम. एक उतार वाहून गेला. काहींनी स्ट्रॉबेरी लावली."

मी अर्ज वाचला. मग जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मुदत संपली आहे. आणि तुमचा फ्रीजर फार जुना आहे, सुरू होताना केवढी वीज खेचतो माहिती आहे? असल्या मशीनला नव्या बॅटरीवर घ्यायचं म्हणजे आपण करतोय त्या कामाचाच अपमान. आधी विभागाला तो बदलायला सांगा. मग दुसऱ्या टप्प्यात बघू, जूननंतर."

ती "बरं" म्हणाली. मी अर्ज दुसऱ्या टप्प्याच्या फायलीत लावला. हे करताना मला आपण शिस्तीत आहोत असं वाटलं होतं.

मार्चअखेर जनरेटर बंद झाले. डिझेलची टाकी रिकामी केली, केबल कापून गुंडाळली, मशीनं उचलून न्यायला ट्रक यायचा होता. काका माझ्याकडे आले. "मॅडम, एक मशीन पावसाळा होस्तोवर राहू द्या. आभाळाचा भरवसा नाय."

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं, "काका, सगळा हिशोब केलाय. सहा तास आरामात निघतात."

"तुमचा हिशोब बरोबरच आसंल," ते म्हणाले. "पन आभाळाला कुठं म्हाईत हाय तुमचा हिशोब."

आम्ही दोघंही हसलो. त्यांना बॅटरीच्या खोलीत नवी खुर्ची मिळाली, समोर एक पडदा, त्यावर हिरवे आकडे. पहिले काही दिवस ते अस्वस्थ होते. मध्येच उठून दाराशी जायचे. "काय चाललंय का नाय तेच कळंना," म्हणायचे. त्या शांततेची मला मात्र चैन वाटत होती. वीज गेली तरी गुलमोहरावरचे पोपट ऐकू यायचे.

त्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत सलग तीन दिवस आभाळ राहिलं. भुरकट, हलणारच नाही असं. मी काकांच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघायची. दिवसभरात बॅटऱ्या जेमतेम निम्म्या भरत होत्या. बाहेरची वीज चालू होती तोवर चिंता नव्हती. चौथ्या दिवशी संगणकावरची मोठी परीक्षा होती, दोन ते पाच. अडीचशेच्या आसपास मुलं, तालुक्या-तालुक्यातून आलेली. कुणी पहाटेच्या एसटीनं, कुणी आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे येऊन. काहींचं पुढचं वर्ष त्या तीन तासांवर होतं.

अडीचच्या सुमाराला अंधारून आलं. हॉलमधले दिवे दुपारी लावावे लागले. मग वारा आला, आणि त्याच्यामागून तो आवाज. छतावरच्या काचांवर गारा पडतात तेव्हा कसा आवाज होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. वर कुणी मूठ-मूठ खडी फेकतंय, आणि मूठ दर वेळी मोठी होतेय, असा. मी बॅटरीच्या खोलीत धावले. मी दारात पोचले आणि वीज गेली.

दिव्यांची नुसती पापणी लवली. बॅटऱ्यांनी भार उचलला होता. हॉलमधल्या पर्यवेक्षकांना मी फोन केला. मुलांना कळलंही नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. पडद्यावर आकडा होता अठ्ठेचाळीस. शंभरातले अठ्ठेचाळीस. मी मनात आकडेमोड केली: पाच वाजेपर्यंत निघेल. काठावर, पण निघेल.

वीज मंडळाच्या माणसाला फोन लावला. तो वाऱ्यात ओरडत होता. "मॅडम, पेठ रोडला खांब आडवे झालेत, झाडं पडलीत. आज विसरा. उद्या संध्याकाळपर्यंत आली तरी नशीब समजा."

फोन ठेवते तोच सुगंधा दारात. केसांत गारा अडकलेल्या, चपला हातात, पाय चिखलात.

"मॅडम, फ्रीजर बंद पडला. उणे एकोणऐंशी होता, आता उणे चौऱ्याहत्तर आहे. दाराचं रबर सैल आहे, लवकर चढेल. उणे पन्नासच्या वर गेला की माझं काही खरं नाही. मला लाईन द्या."

मी पडद्याकडे बघितलं. त्रेचाळीस.

"नाही देता येणार."

"अर्धा तास द्या. पंधरा मिनिटं."

"सुगंधा, तो कॉम्प्रेसर सुरू होताना झटका देतो. इन्व्हर्टर पडला तर हॉल बंद. अडीचशे मुलं बसली आहेत आत."

फेब्रुवारीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं, मी चिडू शकले असते.

"काय म्हंती?" काकांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते उठले आणि पावसातच जनरेटरच्या खोलीकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी मशीनवरची ताडपत्री उचलली, खाली वाकून केबलचं कापलेलं टोक हातात घेतलं, बघितलं आणि खाली ठेवलं. ताडपत्री पुन्हा नीट बसवली. ते परत आले तेव्हा "मी म्हनलो व्हतो" असं काही म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत.

भाड्याच्या जनरेटरसाठी मी चार ठिकाणी फोन केले. लग्नसराई. सगळी मशीनं कुठल्या ना कुठल्या मांडवामागे उभी. एकाकडे होतं, पण रस्त्यावर झाडं. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसानं विचारलं, "साधा बर्फ चालेल ना?" साधा बर्फ शून्य अंशाचा. सुगंधानं नुसती मान हलवली.

अशा वेळी माणूस काय काय बघतो. पडद्यावर एकेचाळीस आहे, आणि आपण मात्र त्या मुलीच्या पायाला लागलेलं गुलमोहराचं फूल बघत असतो. तिच्या पायाजवळ गारा विरघळून पाण्याचं थारोळं होत होतं. मला वाटलं, हिला बसायला खुर्ची द्यावी. दिली नाही. खुर्ची देणं फार क्षुल्लक वाटलं.

काका बराच वेळ काहीतरी आठवत उभे होते. मग एकदम म्हणाले, "मॅडम, गाईला इंजेक्शन करायला डॉक्टर येतो, त्याच्याकडं ती टाकी आसती ना? धूर निघतो तिच्यातून. थंडगार. त्यात बैलाचं बी ठेवत्यात. ते बी तर जितंच आसतं की."

सुगंधानं झटकन वर बघितलं. "नायट्रोजन," ती म्हणाली. "उणे ऐंशीपेक्षा कितीतरी खाली."

काका जवळच्याच वस्तीत राहायचे, दोन गाई होत्या त्यांच्याकडे. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता, पण फोनवर त्यांना ऐकू यायचं नाही. नंबर त्यांनी लावला, बोलले मी. डॉक्टर तरुण होता, हसऱ्या आवाजाचा. आधी त्याला वाटलं, कुणाची तरी गाय माजावर आली आहे. मग समजल्यावर तो गंभीर झाला. "एक मोठी टाकी आहे, दवाखान्यातली. तिच्यातलं दुसऱ्या टाकीत हलवतो. पण मॅडम, तोंड अरुंद आहे. सगळं नाही मावणार. शंभर, सव्वाशे नळ्या फार तर."

साडेचारशेतल्या सव्वाशे.

"आणा," सुगंधा म्हणाली.

जीप मोठ्या वडापर्यंतच येऊ शकणार होती. वड रस्त्यावर आडवा झाला होता. तिथून पुढे दीड किलोमीटर टाकी उचलून आणायची होती. टाकी तिरपी करायची नाही, झाकण घट्ट लावायचं नाही. काकांनी मांडवाचा एक बांबू शोधला, दोर घेतला, आणि ते व सुगंधा निघाले. मी जाऊ शकत नव्हते. हॉल माझ्यावर होता.

चार वाजले तेव्हा आकडा सव्वीस होता. मी जिन्यातले दिवे बंद केले. पंप बंद केला. संचालकांच्या कार्यालयाची लाईन काढली. लगेच फोन आला, मी उचलला नाही. मी जीवशास्त्राच्या मजल्यावर धावत जायचे, फ्रीजरवरच्या छोट्या आकड्यांकडे बघायचे, परत खाली. उणे अडुसष्ट. उणे चौसष्ट. एका जिन्याच्या वर एक आकडा चढत होता, जिन्याखाली दुसरा उतरत होता, आणि दोन्ही माझेच होते. हॉलच्या काचेतून मुलं दिसत होती. निळ्या उजेडात वाकलेल्या माना. एक मुलगा डोळे मिटून ओठ हलवत होता. पहिल्या रांगेत एक मुलगी नखं खात होती. त्यांच्यातल्या एकालाही काही माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं यासाठी मी वर एका मुलीची चार वर्षं विरघळू देत होते.

पाच वाजता घंटा झाली. आकडा तेरा होता.

मुलं हसत-बोलत बाहेर पडली, गारा उचलून एकमेकांना मारायला लागली. मी हॉलची लाईन तोडली आणि तात्पुरती केबल जिन्यावरून ओढत वर नेली. निदान आता तरी. फ्रीजरचा खटका दाबला. कॉम्प्रेसर एकदा कण्हला, केबल हातात थरथरली, आणि खाली इन्व्हर्टरनं शिटी दिली. सगळं आवार काळोखलं. म्हणजे तीन वाजता दिलेला माझा नकार बरोबर होता. फेब्रुवारीतला चुकीचा होता. तिथे, त्या बंद फ्रीजरसमोर उभं राहून मला हे दोन्ही एकदमच कळलं, आणि पहिल्यानं दुसरा काही हलका होईना.

खिडकीतून रस्ता दिसत होता. गारांनी पांढरा झालेला. त्यावर ती दोघं येत होती. बांबू दोघांच्या खांद्यावर, मध्ये टाकी लटकलेली, झाकणाच्या कडेनं पांढरी वाफ सुटत होती. काका पुढे, सुगंधा मागे. काकांना मागचं ऐकू येत नव्हतं म्हणून तिनं दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला बांधलं होतं. ओढलं की ते थांबायचे.

"खिडक्या उघडा," वर आल्या आल्या ती म्हणाली. "हा गॅस खोलीत साठला तर गुंगी येते, कळतही नाही."

फ्रीजर उणे सत्तावन्नवर होता. दार एकदा उघडलं की मागे फिरणं नव्हतं. तिनं जाड हातमोजे घातले. मला वही दिली. म्हणाली, "मी बोलेन ते लिहा. मला विचारू नका काही."

दार उघडलं. थंडी अंगावर आली, पायावर पांढरं धुकं सांडलं. तिनं पहिली पेटी काढली, नळ्यांची टोपणं बघितली आणि बोलायला लागली. गाव, शेत, नंबर. गाव, शेत, नंबर. ज्या शेतांवर पुन्हा जाता येईल त्यांच्या नळ्या ती हात न लावता सोडून देत होती. जी शेतं राहिली नव्हती त्यांच्या उचलत होती. पण तशाही सव्वाशेहून जास्त होत्या. तिसऱ्या पेटीतल्या एका नळीशी तिचा हात थांबला. काका टाकीचं तोंड धरून उभे होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ही आमच्या शेताची आहे," ती म्हणाली. "वडिलांच्या."

मी लिहायला वही सरसावली.

"लिहू नका," ती म्हणाली, आणि पुढची नळी उचलली. "ते शेत आहे अजून."

पंचवीस मिनिटं लागली. एकशे अठरा नळ्या. मी वहीत गावांची नावं लिहीत होते. त्या भागात मी दोन-तीनदा धबधबे बघायला गेले होते. त्या नावांचे पाडे तिथं असतात हे मला ठाऊकच नव्हतं.

बाकीच्या नळ्या वितळल्या. पुढे महिनाभर ती त्यातलं काही जिवंत आहे का ते तपासत राहिली. थोडं होतं. फार थोडं.

मग माझी खरी परीक्षा आली. संचालकांनी अहवाल मागवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला समोर बसवून हळू आवाजात सांगितलं, "नैसर्गिक आपत्ती लिहा. दुसरं काही लिहिलंत तर वरची मंडळी टपलेली आहेत. म्हणतील, बघा, सूर्याचं खूळ काढलं आणि संशोधन बुडालं. पुन्हा डिझेल आणतील. तुम्हाला ते हवं आहे का?"

नको होतं. म्हणून मी तसंच लिहिलं: अनपेक्षित गारपीट, वीजवाहिनी कोसळणे. दोन पानं. टाईप केलं, छापलं, सही करायला पेन काढलं. मला कारणही चांगलं मिळालं होतं. आपल्यासाठी नाही, एका मोठ्या गोष्टीसाठी. दोन दिवस तो कागद ड्रॉवरमध्ये राहिला. दोन्ही दिवस जेवण गेलं नाही. मी खोटं सांगून वाचवलेली सूर्याची वीज पुढच्या गारपिटीत पुन्हा त्याच यादीवर चालणार होती, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मी दुसरा अहवाल लिहिला. गारा पडल्या, तीन दिवस ढग होते, खांब पडले, हे सगळं लिहिलं. मग लिहिलं, की संबंधित फ्रीजरसाठीचा अर्ज फेब्रुवारीत माझ्याकडे आला होता, मी तो मुदतीचं कारण देऊन बाजूला ठेवला, आणि पर्यायी व्यवस्था उभी राहण्याआधी जनरेटर तोडायची घाईही माझीच होती. सोबत सुगंधाच्या अर्जाची प्रत जोडली.

संचालकांनी वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. मला मेमो मिळाला. बढतीच्या यादीतून नाव गेलं. काम तीन महिने थांबलं, आणि त्या तीन महिन्यांत मला आवारात बरीच बोलणी ऐकावी लागली. मग ते पुन्हा सुरू झालं. या वेळी यादी करताना आम्ही पत्रं पाठवली नाहीत, प्रत्येक खोलीत जाऊन दारं उघडून बघितली. जीवशास्त्राचा फ्रीजर बदलला, बॅटऱ्या वाढल्या. एक जनरेटर त्या पावसाळ्यापुरता ठेवला. तो एकदाही लागला नाही आणि दिवाळीनंतर गेला. काका त्याच सुमाराला निवृत्त झाले. आज आमच्याकडे धूर नाही. छतावर उभी राहिले की मला अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू. फक्त त्या अभिमानात आता एक खडा आहे.

त्या पावसाळ्यात सुगंधा मात्र माझ्याशी बोलत नव्हती. जिन्यात भेटली की मान हलवायची, पुढे जायची. अहवालाचं तिला कळलं होतं, तरी नाही. आणि का बोलावं तिनं?

त्याच वर्षी भाद्रपदात एका सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. तीच कापडी पिशवी.

"मॅडम, दोन दिवस रजा मिळेल का तुम्हाला?"

"मिळेल. का?"

"माती परत गोळा करायची आहे. नागली आता अर्ध्यावर आली आहे, मुळं चांगली असतात. माझ्याबरोबर यायला माणूस नाही."

आम्ही सुरगाण्याच्या एसटीनं गेलो. खिडकीतून हिरवं इतकं आत येत होतं की डोळे दुखले. पुढे पायवाट, निसरडी, मी दोनदा बसले. उतारावर नागली वाऱ्यात एका बाजूला कलली होती. शेतात एक बाई निंदत होत्या, सुगंधाच्या ओळखीच्या, डोक्यावर इरलं घेतलेल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे नीट बघितलं, चिखलानं भरलेली साडी, हातातली छत्री.

"ही कोन गं?"

सुगंधानं पिशवी खाली ठेवली. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. "मावशी, ही विद्यापीठातली इंजिनीअर बाई. हिच्यामुळे तुझी माती खराब झाली. म्हणून परत आलोय."

मला वाटलं, आता ही बाई काय म्हणेल. खाली झाडीत कुठे तरी पाणी वाहत होतं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा न्याहाळलं आणि कमरेचं खुरपं काढून सुगंधाला न देता माझ्यापुढे धरलं.

"मंग हिलाच खनू दे," त्या म्हणाल्या. "आन् सांग तिला, मुळं तोडायची नाय."